बैलांचा मृत्युतक्ता

मी काय काम करतो हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. ते जऊळक्याच्या स्टेशनला रेल्वेत गँगमन होते. कुणी विचारलं, "पोरगं काय करते मुंबईले?" तर ते म्हणत, "मानसं कवा मरतीन त्याचा हिशेब करते." ऐकणारा जरा मागे सरकायचा.

वडिलांचं म्हणणं निम्मं चूक होतं. कोण कधी मरणार हे विमागणिती सांगत नाही, ते कुणालाच सांगता येत नाही. पण एका वयाची पुष्कळ माणसं एकत्र घेतली, तर वर्षभरात त्यातली साधारण किती जातील हे मागच्या अनुभवावरून बऱ्यापैकी सांगता येतं. त्या अंदाजाच्या कोष्टकाला मृत्युतक्ता म्हणतात आणि विम्याचा हप्ता त्यावरून ठरतो. हप्ता कमी पडला तर विमा देणारा बुडतो, जास्त झाला तर घेणारा फिरकत नाही. या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. गिरणी कामगार, शिक्षक, जहाजावरचे खलाशी, सगळ्यांचे तक्ते केले. पण पहिला तक्ता केला तो बैलांचा, आणि तितका घाम पुढे कुठल्याच तक्त्यानं काढला नाही.

मी तेव्हा नागपूरला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. मुंबईत सबनीस साहेबांची विमागणिताचा सल्ला देणारी छोटी कचेरी होती आणि उन्हाळ्याच्या सुटीत ते एखाद्या विद्यार्थ्याला हाताखाली घेत. आता त्याला इंटर्नशिप म्हणतात. साहेब 'उन्हाळी उमेदवार' म्हणत. मी पंखा, टेबल आणि हिशेबाचं यंत्र डोळ्यांपुढे ठेवून मुंबईला उतरलो. पहिल्याच सकाळी साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"गाव कुठलं तुमचं?"

"जऊळका. वाशीमजवळ."

"बैल कळतात?"

"कळतात साहेब."

"मग इथे काय करताय?"

आणि चौथ्या दिवशी मी परतीच्या गाडीत होतो.

काम असं होतं. एका सहकारी संस्थेला आपल्या सभासदांच्या बैलांचा विमा उतरवायचा होता. दुष्काळात गुरं फार गेली होती आणि जो तो बैलजोडीच्या शोधात होता. पण बैल किती आणि कशानं मरतात याचा तक्ताच कुणाकडे नव्हता. आमच्या भागातली काही गावं घ्यायची, घरोघर विचारायचं : बैल किती, दोन दाती की चार दाती की पूर्ण जुळलेला, म्हणजे दातांवरून वय कळतं, मागच्या काही वर्षांत किती मेले आणि कशानं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी सुरुवात रिसोडपासून केली, कारण तिथं गुरांचे डॉक्टर होते आणि मला आधी रोगांची नावं शिकायची होती.

हे डॉक्टर उंच, किडकिडीत, सदा घाईत असलेले. त्यांनी घटसर्प, एकटांग्या वगैरे सगळं भराभर सांगितलं आणि शेवटी मात्र थांबून म्हणाले, "एक लक्षात ठेवा. धडधाकट जनावर अचानक पडलं, पोट फुगलं आणि नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त आलं, तर तो फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स. हात लावायचा नाही, कापायचं नाही, ओढायचं नाही. ते रक्त जिथं सांडेल तिथली माती वर्षानुवर्षं रोग धरून ठेवते. माणसालाही होतो. मला निरोप द्यायचा."

मी ते लिहून घेतलं. उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

पहिली काही गावं मजेत गेली. विमा म्हटल्यावर कुणाचाच बैल म्हातारा नसायचा. एका आजोबांनी तर ज्याच्या तोंडात धड दात उरला नव्हता अशा बैलाकडे बोट दाखवून "तरना हाय, निस्ता अंगानं वाळला" असं ठणकावलं. मेलेल्या बैलांची कारणं विचारली की नजर, करणी आणि चुलत भाऊ ही तीनच निघायची. मग मी हळूहळू पोट, नाक, तोंड असं विचारत खऱ्या कारणाशी यायचो.

मग रिठदच्या पुढच्या एका गावात आलो. त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं आजही तिथंच आहेत. पोलीस पाटील होते पुंजाजी. साठीकडे झुकलेले, आवाज खणखणीत, वागणं रोखठोक. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "आडनाव?"

"वानखडे."

वऱ्हाडात वानखडे कुणब्यांतही आहेत आणि आमच्यातही. पुंजाजींनी जरा वाट पाहिली. "कोनते वानखडे?"

"जऊळक्याचे. बौद्ध."

"बरं," ते म्हणाले. चहा आला, कपातच आला. पण माझी उतरायची सोय त्यांच्या ओसरीऐवजी शाळेच्या खोलीत झाली आणि जेवण तिथं पाठवू असं ठरलं. ते जेवण पहिल्या दिवशी फार उशिरा आलं. दुसऱ्या दिवशी त्याची वाट न पाहता बौद्धवाड्यातले भिवाजी इंगोले शाळेच्या दारात उभे राहिले. "माह्या घरी चाल. भाकर हाय, पिठलं हाय. एकटा काहून बसतं?" भिवाजींकडे गायरानातला एक तुकडा होता, तो त्यांनी स्वतः दगड वेचून केलेला. आणि एक जोडी. त्यातला लाख्या नावाचा बैल असा उमदा होता की मी त्याचे दात पाहताना तो माझेच पाहतोय असं वाटलं.

तिसऱ्या सकाळी मी पाटलांच्या गल्लीत घरं घेत होतो, तेवढ्यात गोठ्याकडून आरडाओरड झाली. पुंजाजींचा मोऱ्या पडला होता. आदल्या संध्याकाळी गाडी ओढून आलेला बैल. पोट टम्म फुगलेलं, पाय ताठ. मी वाकून पाहिलं. नाकपुडीतून काळसर रक्ताची धार लागली होती आणि खाली मातीत ते रक्त तसंच पातळ राहिलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते हेच.

"पाटील, याला कुणी हात लावू नका," मी म्हणालो. पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पुंजाजींचा पुतण्या वसंता बौद्धवाड्याकडे निघाला होता.

तो कशाला गेला हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. मेलेलं जनावर ओढून नेणं हे पिढ्यान् पिढ्या आमच्या माणसांवर लादलेलं काम. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते सोडलं. या गावातही सोडलं होतं. नंतर कुणी बाहेरून माणूस आणून, कुणी गड्याकडून, असं कसंबसं चालत होतं. पण मे महिन्याच्या उन्हात, घराला लागून असलेल्या गोठ्यात एवढं धूड पडल्यावर वसंताला जुनीच वाट आठवली.

तो परत आला तो लालबुंद होऊन. "नाई म्हंतात. भिवाजी म्हंते, आमी ते काम छप्पन सालीच सोडलं."

तासाभरात ग्रामपंचायतीपुढे माणसं जमली. इकडे पाटलांकडची, तिकडे, जरा अंतरावर, बौद्धवाड्यातली, सगळ्यांत पुढे भिवाजी. वसंता ओरडून बोलत होता. शेतात पाय ठेवू देणार नाही. मजुरी बंद. वाट बंद. "नाई वढत ना? मंग आमीच वढतो. तुमच्या वाड्यातून वढत नेतो आन् तुमच्याच दारात टाकतो, पाहा!" दोन-तीन पोरं दोर आणायला पळाली.

माझ्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं : तो बैल गावाच्या रस्त्यानं फरफटत चाललाय आणि ते काळं रक्त वाटभर सांडतंय. मी मधे गेलो. 

"हा फाशी रोग आहे. ओढलात तर सगळ्या गावाची गुरं जातील. माणसालाही लागतो. रिसोडच्या डॉक्टरांनी मला सांगितलंय."

वसंता पुढे आला. "तू काय डाक्टर हायस? कालपासून कोनाकडं जेवून राह्यला तू?"

पुंजाजी पुढे झाले. ते म्हणाले, "वानखडे, तू त्यायचाच. म्हनूनच असं बोलून राह्यला."

मी खरं बोलत होतो आणि माझ्या तोंडून ते खोटं ठरत होतं. भिवाजी बोलले असते तर आणखीच खोटं ठरलं असतं. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं आणि संतापानं डोळ्यांत पाणी आलं. मग सुचलं ते बोललो.

"माझं नका ऐकू. डॉक्टर माझ्यातले नाहीत. मी त्यांना घेऊन येतो. तोवर बैलाला कुणी हात लावणार नाही, एवढा शब्द द्या पाटील."

पुंजाजींनी आभाळाकडे पाहिलं. "दिवस बुडेपावतर. मंग मी कोनाले थांबवनार नाई."

भिवाजींनी आपली सायकल दिली. तिच्या चाकाला धड ब्रेक नव्हता. दुपारचं ऊन असं होतं की हँडलवर हात ठेवता येईना, तर उपरणं गुंडाळून धरलं. रिसोडला पोचलो तर दवाखान्याला कडी. डॉक्टर दुसऱ्या एका गावाला गेलेले. तिथं गेलो, तर ते तिथून निघून गेलेले. उलटा फिरलो. एका वळणावर चाकातली हवा गेली तेव्हा मी सायकल बाभळीखाली टाकून धावत सुटलो. धावताना डोक्यात तेवढंच : आता दोर बांधला असेल, आता बैल रस्त्यात आला असेल, आता भिवाजींच्या दारात. शेवटी एका पांदणीच्या तोंडाशी डॉक्टरांची मोटारसायकल समोरून आली. मी दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिलो. मला दोन शब्दांच्या वर बोलता येईना. "फाशी," म्हटलं, "ओढतायत." त्यांनी "बसा" म्हटलं आणि गाडी वळवली.

आम्ही गावात शिरलो तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांना लागला होता. पाटलांच्या गोठ्यापुढे गर्दी होती. मोऱ्याच्या मागच्या पायांना दोर बांधलेला दिसला. मग बाकीचं दिसलं. गोठ्याच्या दारात बाज टाकलेली, तिच्यावर पुंजाजी बसलेले आणि दोराचं दुसरं टोक त्यांच्या मांडीखाली. वसंता पलीकडे तोंड फिरवून उभा होता. म्हाताऱ्यानं दुपारपासून तिथून हालायचं नाव घेतलं नव्हतं.

"दिवस हाय अजून," मला पाहून ते एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी बैलाच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला रिसोडला न्यावा लागणार होता, पण ते म्हणाले, "मला शंका नाही. फाशीच आहे. हा बैल गावातून न्यायचा नाही. इथंच, गोठ्यामागे, पुरुषभर खोल खड्डा. खाली चुना, वर चुना. नाकातोंडात फडकी कोंबा, पोत्यांवर घ्या, रक्त सांडू देऊ नका. हातापायावर जखम असेल त्यानं जवळ यायचं नाही. इथला चारा जाळून टाका."

"आन् हे कराचं कोनं?" वसंतानं विचारलं.

"ज्याचा बैल त्यानं."

तेवढ्यात कुणीतरी सांगत आलं की भिवाजींचा लाख्याही पडला. मी तिकडे पाहिलं. गर्दीच्या कडेला भिवाजी उभे होते. त्यांना आधीच माहीत होतं, त्यांच्या हातात टिकाव होता.

पुंजाजी उठले. बाजेखालून त्यांनी कुदळ ओढली. धोतर खोचलं आणि गोठ्यामागे गेले. ती काळी जमीन उन्हानं भेगाळून दगड झाली होती. पहिल्या घावाला कुदळ नुसती वाजली. पोरं बघत राहिली. साठीचा माणूस, पोलीस पाटील, आपल्या बैलासाठी खड्डा खणतोय, असं त्या गावात कुणी पाहिलं नसावं. चार-पाच घावांनंतर त्यांना धाप लागली.

भिवाजी गर्दीतून चालत पुढे आले. "खड्डा खंदाले येतो, पाटील. बैल वढाले नाई येनार."

पुंजाजींनी घाम पुसत त्यांच्याकडे पाहिलं. "तुहा बैल?"

"त्याचा बी खंदाचाच हाय. इथलं झालं की तिथं जातो."

"ये," पुंजाजी म्हणाले.

मग मीही खणलं. पाळी लावून इतरही आले. बैल पोत्यांवर पुंजाजींनी आणि त्यांच्या घरच्यांनी घेतला. भिवाजी बाजूला उभे राहिले आणि त्यांना कुणी काही म्हटलं नाही. बऱ्याच रात्री, कंदिलाच्या उजेडात, त्यावर चुना आणि माती पडली. लाख्याच्या खड्ड्याशी पुंजाजी स्वतः आले, पण कुदळ हातात घेतली नाही. आपले दोन गडी लावले आणि काम संपेपर्यंत उभे राहिले. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता येत नाही, पण ते पुरेसं होतं असंही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून लस आली, ती थोडी. बाकीची मागाहून येणार होती. आता नवं भांडण. आधी कुणाची गुरं? पाटलांच्या गल्लीला वाटलं आपलीच. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही घरोघर विचारलंय. आधी असे अचानक मेलेले बैल कुठल्या बाजूचे?"

मी दोन दिवसांची टिपणं गल्लीवार नाही, तर पाण्यावार, म्हणजे कुणाची गुरं कुठं पाण्यावर जातात ते विचारून, लावून पाहिली. पूर्वी नजर आणि करणी म्हणून सांगितलेली मरणं निवडली. जवळजवळ सगळी नाल्याच्या खालच्या डोहावर जाणाऱ्या गुरांची निघाली. त्या डोहाच्या वर पूर्वी मेलेली जनावरं टाकायची जागा होती. उन्हाळ्यात गवत संपलं की गुरं तिथं मातीला तोंड लावून चरायची. मोऱ्या तिथंच जायचा, लाख्याही. खालच्या डोहावर पाटलांच्या गल्लीतली काही घरं होती आणि बौद्धवाड्यातलीही. डॉक्टरांनी त्याच क्रमानं टोचायला सुरुवात केली. कुरकुर झाली. पण ज्या म्हाताऱ्यानं आदल्या दिवशी मला "तू त्यायचाच" म्हटलं होतं, त्यानंच रांगेत उभं राहून सांगितलं, "वानखडे सांगते तसं होऊ द्या."

आणखी थोडी जनावरं गेली आणि मग साथ थांबली. वसंताच्या मनगटावर काळी पुळी उठली. दोर बांधताना त्याच्या हातावर जुनी चीर होती. डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली आणि त्याला वाशीमच्या दवाखान्यात पाठवलं. तो वाचला. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता तेव्हा मी त्याला भेटायला गेलो. त्यानं सरकून मला बसायला जागा करून दिली.

मुंबईला परतल्यावर साहेबांनी माझे आकडे दोनदा तपासले. त्या गावामुळे मृत्यूचं प्रमाण भलतंच वर जात होतं. "हे गाव वगळलं तर हप्ता परवडेल," ते म्हणाले, "पण वगळायचा अधिकार आपल्याला नाही. ते बैल मेलेत." मग आम्ही बराच विचार करून शिफारस केली : दरवर्षी उन्हाळ्याआधी लस टोचलेल्या बैलालाच विमा, आणि लसीची सोय संस्थेनं करायची. त्या हिशेबानं हप्ता आवाक्यात आला. संस्थेनं ते मान्य केलं. माझ्या आयुष्यातली पहिली शिफारस, आणि ती अमलात येणार होती. हे कळलं त्या रात्री मी नागपूरच्या वसतिगृहातल्या पोरांना जिलबी खाऊ घातली.

पुढच्या वर्षी पेरणीच्या तोंडाला मी त्या गावी गेलो. पुंजाजींच्या नव्या जोडीचा विमा उतरला होता. त्यांनी या वेळी ओसरीवर घोंगडी टाकली, शेजारी बसवून जेवू घातलं. मग मी भिवाजींच्या तुकड्यावर गेलो. ते उसन्या बैलाची जोड लावून वखर हाणत होते. विमा संस्थेच्या सभासदांसाठी होता आणि सभासद व्हायला सातबारा लागे. गायरानाच्या जमिनीला भिवाजींच्या नावाचा सातबारा कुठला? लसही संस्थेच्याच बैलांना पहिली मिळाली. ती अट आमच्या शिफारशीत नव्हती, पण संस्था कुणाची हे आम्ही विचारलंही नव्हतं. ते आमचं काम नाही, असं साहेब मला नंतर म्हणाले. ते खरंही होतं.

भिवाजींनी वखर थांबवला. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुह्या त्या तक्त्यात माहा लाख्या हाय का?"

"हाय ना काका."

"मेलेला?"

"हो."

त्यांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "निस्ता मेला येवढंच लिवलं. जित्ता होता तवा त्यानं किती वढलं, ते बी लिवाचं होतं."

आणि त्यांनी वखर पुढे हाणला. आभाळ भरून येत होतं, तुकडा अर्धा राहिला होता. मी चपला बांधावर काढल्या आणि ढेकळं फोडायला त्यांच्या मागे चाललो.